आईचा पाट आणि ॲशची लाकडं

बाबा कॉव्हेंट्रीला आले तेव्हा त्यांच्या बॅगेतली सगळ्यात जड वस्तू होती आईचा पाट. सागवानी, जाड फळीचा, खाली दोन आडव्या पट्ट्या, आणि मधोमध बसून बसून गुळगुळीत झालेला. त्याच्याभोवती आईच्या दोन सुती साड्या गुंडाळल्या होत्या आणि साड्यांच्या घड्यांत डिंक, बाळंतशेपा, वावडिंग अशा पुड्या खोचल्या होत्या. एअरपोर्टवरून घरी येईपर्यंत ती बॅग त्यांनी माझ्या नवऱ्याला उचलू दिली नाही.

मला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा आमच्याकडचा रिवाज. पण माझी नोकरी इथली, हॉस्पिटल इथलं, आणि जिच्यामुळे माहेर होतं ती बाई वैशाखात गेली होती. शेवटच्या आजारपणात तिचं एकच पालुपद होतं, पाट तेवढा पोरीकडे पोचवा. त्या पाटावर बसून, पाय लांब पसरून, पायांवर पालथं घालून तिनं मला आणि माझ्या भावाला न्हाऊ घातलं होतं. गल्लीतल्या कितीतरी पोरांनाही घातलं होतं. माझ्या बाळाची आंघोळही त्याच पाटावर व्हायची, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं, आणि बाबांनी तिला तसा शब्द दिला होता.

आंघोळ घालणार कोण, हे मात्र कुणीच ठरवलं नव्हतं. बाबांचा हिशेब साधा होता. इंग्लंडात आपली एवढी माणसं आहेत म्हटल्यावर तेल लावणारी एखादी बाई मिळणारच. दिवाळीला इथल्या मराठी मंडळींचं एकत्र जेवण होतं, तिथे त्यांनी ताट हातात धरून चौकशी सुरू केली. पहिली विचारलेली बाई हृदयरोगतज्ज्ञ निघाली. दुसरी एका बँकेचं सॉफ्टवेअर लिहीत होती. तिसरीनं मात्र गंभीरपणे विचार केला आणि म्हणाली, "काका, लेस्टरला एक गुजराती मावशी होत्या, पण त्या आता रिटायर होऊन मुलाकडे गेल्या." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येताना गाडीत मी त्यांच्यावर तणतणले. बाबा खिडकीतून बाहेर बघत म्हणाले, "विचाराले काय लागते?"

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. आई म्हणायची, ही पोळी लाटतानासुद्धा पोळपाटाशी भांडते. बाबांचं नेमकं उलटं. चंद्रपूरच्या लाकडाच्या डेपोत त्यांनी उभी हयात काढली. जंगलातून ओंडक्यांचे ट्रक आले की हातोडीचा एक ठोका मारून ते सांगायचे, हा आतून पोकळ आहे, याला कीड आहे, हा शंभर वर्षं टिकेल. लाकडाशी बोलण्यात त्यांचं सगळं बोलणं संपत असावं, कारण घरी आमच्या वाट्याला फारसं उरत नसे. बाळंतपणाच्या बाबतीत तर त्यांना काहीच कळत नव्हतं. आत्यानं लिहून दिलेला कागद घेऊन ते स्वयंपाकघरात उभे राहायचे आणि अळीव भिजत घालायचे की भाजायचे, हे मलाच विचारायचे.

म्हणून लाकडं दिसली तेव्हा त्यांना किती बरं वाटलं असेल, हे मला आता कळतं.

आमच्या घराच्या आधीच्या मालकानं बैठकीत लाकडाची एक बंद शेगडी बसवून घेतली होती, काचेचं दार असलेली. आम्ही ती वापरत नव्हतो. शेजारी एक एकटे आजोबा राहायचे. मोटारीच्या कारखान्यात आयुष्यभर अवजारं बनवलेला माणूस, हातांची बोटं अजून सांडशीसारखी घट्ट. त्यांच्या बागेतलं ॲशचं जुनं झाड आदल्या हिवाळ्यात तोडलं होतं आणि त्याचे फोडलेले ओंडके शेडमागे रचून ठेवले होते. बाबांनी कुंपणापलीकडून ते पाहिले. कुंपणावरून वाकून एक ओंडका उचलून हुंगला, दुसऱ्यावर आपटला, आवाज ऐकला. आजोबा स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे बघत होते. बाहेर येऊन त्यांनीही एक ओंडका उचलून दुसऱ्यावर आपटला. एकाला इंग्रजी येत नव्हतं, दुसऱ्याला मराठी. अर्ध्या तासानं मी बाहेर डोकावले तेव्हा आजोबांच्या एकचाकी गाडीतून लाकडं आमच्याकडे यायला लागली होती.

"बाळाच्या खोलीत ऊब पाहिजे," बाबा म्हणाले. "आंघोळीच्या वक्ती तर पाहिजेच. तुह्या रेडिएटरची ऊब कोरडी असते." रेडिएटरच्या उबेबद्दल त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे.

इथेच ती चूक झाली. चंद्रपुरात पावसाळ्याच्या आधी घरात लाकडाची बेगमी करतात. बाहेर राहिलं तर भिजेल, म्हणून सगळं आत आणून रचायचं. कॉव्हेंट्रीत ऑक्टोबरपासून रोज पाऊस. बाबांनी त्याला पावसाळा मानलं आणि झाडून सगळी लाकडं आमच्या डायनिंग रूममध्ये आणली. रेडिएटरच्या भिंतीला लागून छातीएवढी थप्पी लावली, एकही ओंडका तसूभर पुढे नाही. लवकर वाळतील, हा हेतू. तिच्याच शेजारी, भिंतीला टेकवून, आईचा पाट. मी कुरकुर केली, पण थप्पी इतकी देखणी होती की नवऱ्यानं तिचा फोटो काढला.

मुलगी झाली नोव्हेंबरच्या शेवटी. हॉस्पिटलातून दोन दिवसांत घरी आलो. मिडवाइफनं सांगितलं, आठवडाभर अंग नुसतं पुसा, आंघोळीची घाई नको. बाबांनी मान डोलावली. बाई मिळाली नव्हतीच, त्यामुळे ते जरा सुटल्यासारखे दिसले.

घरी आल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी मी डायनिंग रूममध्ये बाळाला पाजून टोपलीत ठेवलं आणि पाठ वळवली. परत वळते तो तिच्या पांघरुणावर पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचं काहीतरी चालत होतं. मला वाटलं गांधीलमाशी. मी अशी किंचाळले की बाळ रडायला लागलं, नवरा अर्धी दाढी केलेला धावत आला, आणि बाबा हातात पेपर घेऊन आले. त्यांनी पेपरची कड पुढे केली, तो प्राणी सावकाश तिच्यावर चढला. बाबांनी त्याला डोळ्यांजवळ नेलं.

"डंख नाही याले. भुंगेरा आहे. माशीचं सोंग घेतलंय फक्त."

मग आम्ही नीट पाहिलं. खिडकीच्या कट्ट्यावर तिळाएवढे तपकिरी किडे उजेडाकडे निघाले होते, दहा-पंधरा तरी. थप्पीखाली कोंड्यासारखा भुसा. बाहेर थंडीत ते सगळे वसंतापर्यंत सालीखाली निजून राहिले असते. आमच्या रेडिएटरनं त्यांना डिसेंबरातच उठवलं. आमच्याकडे किड्यांना हिवाळ्याची झोप नसते, त्यामुळे आयुष्यभर लाकूड पारखलेल्या माणसाला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. पण हा विचार मी आता करते आहे. त्या सकाळी मला पाच दिवसांची झोप नव्हती आणि अंगाला टाके होते.

"ही लाकडं आत्ताच्या आत्ता बाहेर!" मी ओरडले. आणि मग मी थप्पीशेजारचा पाट पाहिला.

पाट उचलला तर खाली गालिच्यावर पांढरट पिठीची छोटीशी ढिगोळी होती. कडेला टाचणीच्या टोकाएवढी भोकं, गोल, सात-आठ. मी तो पाट बाबांसमोर धरला.

"बघा. आईचा पाट खाल्ला तुमच्या लाकडांनी. आता काय, जाळायचा? एवढं एक काम होतं तुमच्याकडे. आई असती तर असलं काही झालं नसतं."

बाबांनी कानटोपी घातली आणि एक एक ओंडका उचलून पावसात नेऊन ठेवायला सुरुवात केली. नवरा मदतीला गेला तर त्याला हातानंच थांबवलं. दुपारपर्यंत ती फेरी चालली होती. मी बाळाला घेऊन वर बसले होते आणि खालच्या दाराची उघडझाप ऐकत होते. खाली जाऊन पुरे म्हणावं, असं दहादा वाटलं. गेले नाही. नाकावरचा राग उतरला तरी तो पुसायचा कसा, हे मला कधी कळलंच नाही.

पाटाचं काय करायचं, यावर पुढचे दोन दिवस गेले. नवरा घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानातून किडीचं औषध घेऊन आला. डब्यावरच्या सूचना वाचून बाबांनी त्याला विचारलं, "जावईबापू, हे हाताले लागलं तर काय लिहिलंय?" नवऱ्यानं वाचून दाखवलं. बाबांनी डबा परत त्याच्या पिशवीत ठेवला. "विष पाजलेल्या पाटाजवळ पोरीले नाही न्यायचं."

मग ऊन. आपल्याकडे डाळीला टोके पडोत, गादीला ढेकूण लागोत की कपड्यांना कुबट वास येवो, औषध एकच, कडक उन्हात घाला. बाबांनी पाट बागेत नेला. डिसेंबरातलं इंग्लंडचं ऊन ते, कुंपणाच्या कोपऱ्यात चादरीएवढा तुकडा पडायचा आणि दहा मिनिटांत सरकायचा. बाबा पाट घेऊन त्याच्यामागे सरकायचे. शेडजवळ, मग कपडे वाळवायच्या खांबाजवळ, मग भिंतीला टेकवून. अडीच वाजता ऊन आजोबांच्या बागेत गेलं आणि बाबा कुंपणाशी पाट धरून उभे राहिले. मी वरच्या खिडकीतून बघत होते. मला हसू आलं आणि लगेच रडू आलं. बाळंतिणीचं काही सांगता येत नाही, पण ते रडू बाळंतपणाचं नव्हतं.

आजोबांनीच दार वाजवलं. परवा पावसात लाकडं बाहेर का गेली, आणि आज हा माणूस फळी घेऊन उन्हामागे का फिरतोय, असं त्यांना विचारायचं होतं. मी सगळं सांगितलं. जरा तोऱ्यातच सांगितलं, तुमच्या लाकडातल्या किड्यांनी माझ्या आईची वस्तू खाल्ली. आईची म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. टोपी काढून ते आमच्या स्वयंपाकघरात उभे राहिले.

"आय ॲम सो सॉरी, लव्ह. इट्स माय वुड, इझन्ट इट? आय शुड हॅव लुक्ड. आय विल टेक इट ऑल बॅक ॲन्ड बर्न इट."

बाबांनी मला विचारलं, "काय म्हणून राहिले?"

"माफी मागताहेत. म्हणतात, माझ्या लाकडामुळे तुमची वस्तू खराब झाली. मी बघून द्यायला हवी होती. सगळी लाकडं परत नेऊन जाळून टाकतो म्हणतात."

आजोबा टोपी हातात फिरवत होते. मग बाबा म्हणाले, "त्यायले सांग, त्यायच्या लाकडाचा काही दोष नाही."

मी सांगितलं.

"त्यायले सांग, पाटाची कीड तिकडूनच आली. चंद्रपूरहून."

मी इंग्रजी वाक्य सुरू केलं आणि अर्ध्यावर थांबले. बाबा माझ्याकडे बघत नव्हते. ते आजोबांकडे बघून बोलत होते, मराठीत, जणू त्यांना सगळं समजत होतं.

"हिची आई गेली त्यानंतर पाट माळ्यावर पडून होता. आषाढात काढला तर पिठी सांडली. मी रॉकेल पाजलं, उन्हात घातला, भोकायत मेण भरलं. वाटलं, मेली असंल. इथल्या उबेनं पुन्हा जागी झाली. परवा पिठी पाहिली तवाच मले समजलं होतं. लाकडायवर आळ आला तो मी येऊ देला."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि संन्यासी समोर टोपी काढून माफी मागत उभा. ते बाबांना सहन झालं नाही. मी इतकं ओरडले होते ते त्यांनी गिळलं होतं, पण ज्याचा काही अपराध नाही त्यानं मान खाली घालावी, हे त्यांच्यानं बघवलं नाही.

"पण मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. आजोबांसाठी भाषांतर करायचं राहूनच गेलं.

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असती, राहू द्या तिकडंच. मग मी कायसाठी येणार होतो? मले ना मालिश येत, ना लाडू येत. आईच्या जागी बाप आला, तो हात हालवत आला, असं होऊ नये म्हणून पाट. पाट पोचवाले आलो, असं म्हणता येते ना."

एवढं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले आणि मोठ्यानं रडले. रडता रडता म्हटलं, बाबा, तुम्ही नुसते आला असता तरी मला हवे होता. पाट नसता तरी हवे होता. मग माफी मागितली. सवय नसल्यामुळे ती नीट जमली नाही, पण बाबांनी डोक्यावर हात ठेवला. आजोबांनी, काय चाललंय ते न कळूनही, उठून किटली चालू केली.

चहा झाल्यावर मी त्यांना सगळं इंग्रजीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग खात्री तरी करू या. ते शेडमधून पटाशी आणि बहिर्गोल भिंग घेऊन आले. बाबांनी एक ॲशचा ओंडका टेबलावर पेपर पसरून ठेवला. पटाशीनं साल सोलून काढली. आत लाकडावर नक्षी कोरलेली होती, मधे एक आडवा चर आणि त्याला लागून दोन्ही बाजूंनी बारीक रेघा, कुणी कंगव्याने ओढाव्यात तशा.

"हे तपकिरी किडे इथंच जगतात," बाबा सांगत गेले आणि मी भाषांतर करत गेले. "साल आणि लाकूड, याच्या मधात. साल वाळून सुटली की यायचं घरदार संपलं. हे टेबल नाही खात, पलंग नाही खात. तो पट्ट्यांवाला मेल्या, सुक्या लाकडात वाढतो, पण रंधा मारलेल्या सामानाले तो शिवत नाही."

मग त्यांनी लाकडाखालचा भुसा एका चिमटीत घेतला आणि पाटाखालची पिठी दुसऱ्या चिमटीत. दोन्ही माझ्या तळहातावर ठेवल्या. "चोळून पाहा." पहिला भुसा जाडाभरडा, कोंडा हाताला लागावा तसा. दुसरी पिठी बोटांच्या रेषांत शिरली, इतकी मऊ.

"मैद्यासारखी पिठी पडली तर भ्यावं," बाबा म्हणाले. "तो आतून खातो अन् वरून समजू देत नाही. सागाचा गाभा त्याले पचत नाही. पण सुताराने कडेले पांढरं लाकूड ठेवलं, सालीलगतचं. तेवढंच खाल्लं त्यानं. पाहा, भोकं सगळी कडेलेच."

आजोबांनी भिंगातून पाहिलं, मान हलवली आणि बाबांकडे असं बघितलं की मला वाटलं, हे दोघं एकाच कारखान्यात होते की काय. मग ते म्हणाले की त्यांच्या बायकोच्या शिवणाच्या पेटीला अशीच कीड लागली होती, तेव्हा त्यांनी पेटी डीप फ्रीझरमध्ये ठेवली होती, दोन आठवडे. औषध नाही, वास नाही. गॅरेजमध्ये मोठा फ्रीझर अजून आहे, बायको गेल्यापासून जवळजवळ रिकामाच असतो.

बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी मला दोनदा विचारलं, थंडीनं मरते? म्हणजे ऊन नाही, गारठा? जन्मभर किडीला तापवत आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागला. पण संध्याकाळच्या आत पाट प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून, चिकटपट्टीनं बंद करून, आजोबांच्या फ्रीझरमध्ये मटारच्या पाकिटांवर आडवा झाला.

बाराव्या दिवशी बारसं झालं ते पाटाशिवायच. नवरा म्हणाला, एका दिवसापुरता काढू, पुन्हा ठेवू. मलाही मोह झाला. बाबा ठाम राहिले. "अर्धी मेलेली कीड सगळ्यात वाईट. चौदा म्हणजे चौदा." पहिली आंघोळही पाटासाठी थांबली, तोवर बाळाचं अंग नुसतं पुसत राहिलो. मी आईच्या साडीची चौघडी करून तिच्यावर बसले. आजोबा कोट-टाय घालून आले होते. घुगऱ्या त्यांनी मागून घेऊन खाल्ल्या.

ते दोन आठवडे बाबा रोज सकाळी पाटाला भेटायला जायचे. फ्रीझरचं झाकण उघडायचं नाही हे त्यांना माहीत होतं, त्यामुळे झाकणावर हात ठेवून यायचे. तिथून दोघे म्हातारे लाकडांकडे वळायचे. त्यांनी आमच्या बागेत थप्पी नव्यानं लावली. खाली माल रचायची दोन जुनी लाकडी पॅलेट टाकली, म्हणजे जमिनीची ओल लागणार नाही. भिंतीपासून वीतभर अंतर सोडलं. वरून पत्रा टाकला, पण बाजू उघड्या ठेवल्या, वारं खेळायला. सैल सालीचे ओंडके आधी जाळायला पुढे घेतले. आणि नियम ठरला, घरात एका वेळी एका दिवसापुरतंच लाकूड यायचं, बेगमी नाही. शेगडी रोज दुपारी पेटायला लागली. बाळ तिच्यासमोर पाय झाडत पडायचं, आणि बाबांचं म्हणणं मला मान्य करावं लागलं, ती ऊब खरंच वेगळी होती.

नाताळच्या आदल्या दिवशी पाट घरी आला. दोन दिवस पिशवीतच ठेवून त्याला हळूहळू खोलीच्या उबेला आणलं. मग बाबांनी तो काळ्या कागदावर आपटला, तीनदा. पुन्हा पुन्हा पुसून, आपटून पाहिला. काही पडलं नाही. त्यांनी प्रत्येक भोकाभोवती पेन्सिलीनं गोल काढला. पुढे नवं भोक पडलं तर कळावं, म्हणून. मग भोकांत मेण भरलं, खोबरेल लावून पाट पुसला आणि तो माझ्यापुढे ठेवला.

"घे. पोचला."

तेवढं म्हणून ते अंग काढून घेतल्यासारखे बाजूला झाले. आता त्यांचं काम संपलं होतं. परतीचं तिकीट मार्चचं होतं, आणि आदल्या रात्री जेवताना ते सहज म्हटल्यासारखं म्हणाले होते की तिकीट अलीकडे करता येतं का, पाहा. मी तेव्हा ताट उचलून आत गेले होते.

मी शेगडीपुढे मेणकापड पसरलं, त्यावर पाट मांडला, कोमट पाण्याची बादली, तांब्या, तेलाची वाटी, बेसन आणि साय ठेवली. बाळाला उचलून घेतलं. बाबा दाराकडे निघाले होते.

"बाबा, बसा पाटावर."

"मी?"

"मग कोण? मला अजून पाय पसरून खाली बसवत नाही. आणि ती लेस्टरची मावशी रिटायर झाली."

"पुरुषानं कुठं न्हाऊ घातलं लेकराले? हातातून सुटली बिटली तर? ते तुह्या आईचं काम होतं."

"आईचंच आहे. तिनं पाट तुमच्याकडे दिला. नाहीतर दुसऱ्या कुणाकडे नसता दिला?"

बाबा उभेच राहिले. मग त्यांनी घड्याळ काढून खिशात टाकलं. पायजमा गुडघ्यांपर्यंत दुमडला. भिंतीला धरून हळूहळू पाटावर बसले आणि पाय लांब केले. ते पांढरे, बारीक, केस झडलेले पाय मी इतक्या जवळून कधी पाहिले नव्हते. मी पोरीला त्यांच्या पायांवर ठेवायला वाकले, तर ते म्हणाले, "थांब."

त्यांनी तांब्यात पाणी घेतलं आणि आधी स्वतःच्या नडगीवर ओतलं. थोडं थांबले. मग म्हणाले, "दे."

तेल त्यांनी टाळूवर आधी घातलं, मग पाठीवर, वरून खाली. हाताचा तळवा वापरला, बोटं नाही. डावा हात तिच्या हनुवटीखाली होता, तोंडात पाणी जाऊ नये म्हणून. बेसन-साय काखेत, मानेच्या वळीत, कानामागे. पाणी ओतताना कपाळावर हाताची पन्हळ केली. एकदाही मला विचारलं नाही, कागद पाहिला नाही. ती रडली तेव्हा त्यांनी तिला हलवलं नाही, नुसते पाय थोडे डोलवले, आणि ती गप्प झाली.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?" मी विचारलं.

त्यांनी वर पाहिलं नाही. ते तिच्या पायांची बोटं एकेक करून पुसत होते.

"तू तीन महिन्यांची होईतोवर मी रोज डेपोत उशिरा जायचो. साहेब बोलायचा. दाराआड उभा राहून पाहत राहायचो. तुह्या आईले माहीत होतं. एकदा म्हणाली, या, बसा पाटावर, मी सांगतो तसं करा. मले लाज वाटली. लोक काय म्हणतील. नाही बसलो." त्यांनी पोरीला टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि छातीशी धरलं. त्यांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. "बसलो असतो तर तुलेही न्हाऊ घातलं असतं."

मी त्यांच्या पाठीशी खाली बसले, टाक्यांची जागा दुखत होती तरी बसले, आणि त्यांच्या पाठीवर डोकं टेकलं. बाबा मार्चपर्यंत राहिले. तेवढ्या दिवसांत मला एकदाही माझ्या लेकीला आंघोळ घालायला मिळाली नाही.